सीमेवरचे पैसे, राजधानीतले कायदे

पुइगसेर्दा हे पिरेनीज पर्वतातलं, स्पेनच्या कातालोनिया प्रांतातलं छोटं गाव. उंची समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर, आणि फ्रान्सची हद्द चालत जाण्याच्या अंतरावर. 2014च्या सप्टेंबरपासून इथे एक इस्पितळ चालतं. ते ना पुरतं स्पेनचं, ना पुरतं फ्रान्सचं. चालवण्याच्या खर्चातला साठ टक्के वाटा कातालोनियाचा, चाळीस टक्के फ्रान्सचा. उभारणीला 3 कोटी 10 लाख युरो लागले. त्यातले साठ टक्के युरोपीय महासंघाच्या तिजोरीतून, सीमेपारच्या सहकार्यासाठी राखलेल्या निधीतून आले. सेर्दान्या नावाचं हे खोरं 1659च्या पिरेनीजच्या तहात दोन राजांनी वाटून घेतलं. वाटणी अशी चमत्कारिक की लिव्हिया हे स्पॅनिश गाव आजही चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे. खोऱ्याच्या दोन्ही अंगांची मिळून वस्ती तीसेक हजार. तेवढ्यासाठी दोन देशांनी दोन इस्पितळं काढली असती, तर दोन्ही अर्धवटच राहिली असती.

फ्रेंच बाजूच्या रुग्णाला त्याआधी पेर्पिन्याँ गाठावं लागे. अंतर शंभरेक किलोमीटर, पण सगळा डोंगरी रस्ता, आणि हिवाळ्यात बर्फ. जवळचा दवाखाना हद्दीपलीकडे असणं म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगायला नको. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ जवळ. 2018च्या जानेवारीत गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. गोव्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. आपल्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार किती दिवस उचलायचा? मग महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेतून खर्च भागवण्याच्या वाटाघाटी झाल्या. त्याच दोडामार्गातलं तिळारी धरण मात्र दोन्ही राज्यांनी मिळून, खर्चाची वाटणी आधी ठरवून बांधलं. धरणाला जमलं ते दवाखान्याला का जमू नये, हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारत नाही.

सेर्दान्यात तो विचारला गेला आणि त्याचं उत्तर कागदावर उतरलं. कोण किती देणार, कारभार कुणाकडे, डॉक्टर कुठल्या कायद्याखाली नेमायचे, हे पहिला रुग्ण दाखल होण्याच्या आधी ठरलं. त्यासाठी 2010मध्ये एक स्वतंत्र संस्था नोंदवली गेली. दोन देशांतल्या सार्वजनिक संस्थांना एकत्र येऊन एकच कायदेशीर व्यक्ती होता यावं म्हणून महासंघाने 2006 साली जो कायदा केला, त्याच्या आधाराने.

तरीही इस्पितळ उघडलं आणि डोकेदुखी सुरू झाली ती कारकुनी टेबलांवर. फ्रेंच आईबापांचं मूल इथे जन्मलं की नोंद स्पेनच्या दप्तरी, आणि फ्रेंच नोंदीसाठी वकिलातीकडे खेटे. फ्रेंच रुग्ण दगावला, तर त्याचं घर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर दिसत असलं तरी मृतदेह एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा, म्हणून आंतरराष्ट्रीय वाहतुकीची सगळी कागदपत्रं. घरात माणूस गेलेलं असताना नातेवाईक शिक्के गोळा करत फिरणार. ज्या निधीने भिंती उभ्या केल्या, त्याला यातल्या एकाही नियमाला हात लावता येत नव्हता. नियम पॅरिस आणि माद्रिदमध्ये होते, आणि तिथल्या मंत्रालयांना या खोऱ्याची घाई असायचं काही कारण नव्हतं.

या निधीचं नाव इंटररेग. त्याच्यावर टीका करणारे म्हणतात, पैसे वाया जातात. गुण गाणारे म्हणतात, युरोप जोडला जातो. माझं मत या दोघांहून वेगळं आहे. पैसे वाया जात नाहीत, पण ज्या कामासाठी ते सर्वात जास्त हवेत त्या कामाला ते लावताच येत नाहीत. आणि राजधान्यांना ही व्यवस्था सोयीची वाटते. सीमाभागाला अधिकार देण्यापेक्षा अनुदान देणं केव्हाही सोपं.

थोडा इतिहास. सीमेवरच्या नगरपालिकांनी एकत्र येण्याची सुरुवात ब्रुसेल्सने केलेली नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीच्या हद्दीवर, ग्रोनाऊ या कापडगिरण्यांच्या गावाभोवती 1958 सालीच 'युरेजिओ' नावाची आघाडी उभी राहिली होती. महासंघाचा पैसा आला तो 1990मध्ये, पहिल्या फेरीत साधारण एक अब्ज. 2014 ते 2020 या सात वर्षांसाठी ही रक्कम 10.1 अब्ज युरोंवर गेली, आणि चालू फेरीतही ती दहाच्या आसपासच आहे. निधीच्या चार शाखा आहेत: लगतच्या हद्दींसाठी एक, डॅन्यूबचं खोरं किंवा आल्प्स अशा मोठ्या पट्ट्यांसाठी दुसरी, दूरदूरच्या प्रांतांनी एकमेकांचे अनुभव वाटून घेण्यासाठी तिसरी, आणि महासागरापलीकडच्या प्रदेशांसाठी चौथी. बहुतेक पैसा पहिलीत जातो आणि तो तिथेच जायला हवा. तिसऱ्या शाखेतल्या अभ्यासदौऱ्यांबद्दल फार लिहावं असं नाही. असे दौरे आपल्याकडच्या नगरसेवकांनीही पुष्कळ केले आहेत.

दहा अब्ज हा आकडा मोठा वाटतो. पण महासंघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या 2017च्या अहवालानुसार महासंघाच्या अंतर्गत हद्दींलगतच्या भागांत 15 कोटी लोक राहतात. सगळा पैसा त्यांना सरळ वाटून टाकला, तर माणशी वर्षाला दहा युरोसुद्धा येणार नाहीत. चालू सात वर्षांच्या प्रादेशिक विकासाच्या 392 अब्जांपुढे हा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा जर्मन किंवा डच करदात्याचं दिवाळं इंटररेगमुळे निघतंय, या ओरडीला अर्थ नाही. अर्थ आहे तो त्याच 2017च्या आयोगाच्या अहवालातल्या दुसऱ्या मुद्द्याला. हद्दीवरच्या कायदेशीर आणि प्रशासकीय अडथळ्यांपैकी एक-पंचमांश जरी दूर झाले, तरी सीमाभागांचं उत्पन्न दोन टक्क्यांनी वाढेल आणि दहा लाखांहून अधिक रोजगार निर्माण होतील, असा तो अंदाज. अंदाजच तो, काटेकोर धरू नये. पण अनुदान वाढवून एवढी मजल गाठता येईल असं त्यातल्या कुणीही म्हटलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

आता हा पैसा मिळतो कसा ते पाहू, कारण दोषाचं मूळ तिथे आहे. अर्ज एकट्याने करता येत नाही, हद्दीपलीकडचा भागीदार लागतो. भागीदारांपैकी एक 'प्रमुख भागीदार' होतो, करार त्याच्या नावाने होतो आणि बाकीच्यांच्या चुका निस्तरणं त्याच्याकडे येतं. मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, मग बिलं, पगारपत्रकं, किती तास कुठल्या कामाला दिले त्याचे तक्ते लावून अहवाल पाठवायचा. तो आपापल्या देशाचा तपासनीस पाहणार, शेरे मारणार, आणि मग कित्येक महिन्यांनी परतावा. तोही सध्या कमाल ऐंशी टक्के, उरलेले वीस आपले आपण उभे करायचे. जिल्हा परिषदेएवढ्या मोठ्या संस्थेला हे झेपतं. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या शाळांनी मुलांसाठी एकत्र नाटक बसवायचं ठरवलं, तर त्यांना नाही झेपत. त्यांच्यासाठी छोट्या प्रकल्पांचा वेगळा निधी ठेवायला लागले, ठोक रकमा ठरवून हिशेब सोपा केला, हे चांगलंच झालं. मला विचाराल तर या सगळ्या यंत्रणेतला सर्वात शहाणपणाचा पैसा तोच.

मोठ्या प्रकल्पांची गत वेगळी. महासंघाच्या लेखापरीक्षकांनी 2021मध्ये इंटररेगवर खास अहवाल काढला. सहकार्य फक्त कागदावर असलेले प्रकल्प त्यांना सापडले. दोन्ही बाजूंनी आपापल्या गावात आपापलं काम करायचं, आणि अर्जासाठी ते एका फायलीत बांधायचं. यात कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. निधी भागीदार मागतो, म्हणून भागीदार मिळवला जातो. तीन वर्षांनी प्रकल्प संपला की संकेतस्थळ बंद पडतं, नेमलेली दुभाषी तरुणी दुसरी नोकरी शोधते, आणि पुढच्या फेरीत तेच लोक नवं नाव घेऊन तीच कल्पना मांडतात, कारण जुन्या कामाला पैसे मिळत नाहीत, 'नवोपक्रमा'ला मिळतात. सीमेवरच्या माणसाला मात्र नवं काही नको असतं. त्याला संध्याकाळी सातची बस हवी असते, रविवारीसुद्धा.

ट्रामचं उदाहरण घ्या. फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीचं केल यांच्यामध्ये फक्त ऱ्हाईन नदी आहे. 2004मध्ये पादचारी पूल झाला, आणि 2017च्या एप्रिलमध्ये स्ट्रासबुर्गची डी मार्गाची ट्राम नवीन पुलावरून केलच्या स्थानकापर्यंत धावायला लागली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण ट्रामगाड्यांच्या सुरक्षेचे फ्रेंच नियम वेगळे आणि जर्मन नियम वेगळे. जे डबे फ्रान्सभर निर्धोक मानले जातात, त्यांना नदीपलीकडच्या त्या काही शे मीटरसाठी जर्मन नियमांची परीक्षा वेगळी द्यावी लागली. आपल्याकडे मुंबईत परवाना मिळालेल्या बसला ठाण्याची खाडी ओलांडताना नव्याने तपासणी करायला लावावी, तसला प्रकार.

लक्झेंबर्ग 2015 साली महासंघाच्या अध्यक्षस्थानी होता. तिथली जवळजवळ निम्मी कामगारमंडळी रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येते, त्यामुळे या देशाला हद्दीचं दुखणं माहीत. त्याने साधा उपाय सुचवला, आणि त्याच्या समर्थनार्थ हीच ट्राम पुढे केली. एखाद्या ठराविक सीमापार कामापुरता, ठराविक जागेपुरता, शेजारच्या देशाचा नियम आपल्याकडे लागू करू द्या. आयोगाने 2018च्या मे महिन्यात त्याचा रीतसर मसुदा आणला. सदस्य देशांच्या परिषदेत तो अडकला आणि तिथेच राहिला. आक्षेप सार्वभौमत्वाचा होता.

हा आक्षेप मी उडवून लावत नाही. आपल्या भूमीवर दुसऱ्याच्या संसदेने केलेला नियम चालवायचा, तर त्या नियमाला जबाबदार कोण, दाद कुठल्या न्यायालयात मागायची, हे प्रश्न खरे आहेत. घटनातज्ज्ञांनी ते विचारायलाच हवेत. पण मसुद्यात पळवाट नव्हे, हमरस्ताच ठेवलेला होता. दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय काहीच होणार नव्हतं. नकार द्यायचा असेल तर एवढंच बंधन होतं की अर्ज नीट तपासा आणि कारण लेखी द्या. राजधान्यांना नकोसं झालं ते हेच बंधन असावं, असा माझा तर्क आहे. अनुदान नाकारलं तर गुणपत्रिका दाखवता येते. नियम बदलायला नाकारलं तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

शेवटी 2025च्या मे महिन्यात कायदा झाला, पण दात काढून. देशांनी हवं तर सीमापार समन्वय केंद्र काढावं. केंद्र काढलं तर सीमेवरची नगरपालिका, संस्था, कंपनी आपल्या अडचणीची फाईल तिथे देऊ शकते. अडचण दूर करण्याचं बंधन कुणावरच नाही. हरकत नाही, निदान अर्ज द्यायला एक खिडकी तरी झाली, असं म्हणणारे आहेत. मलाही ते थोडंसं पटतं. पण एक पूल बांधायला जेवढा काळ लागतो त्याहून अधिक काळ घालवून हाती खिडकीच लागली, हेही नोंदवायला हवं.

रुळांचीही तीच कहाणी. आयोगाने 2018मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महासंघाच्या हद्दींवर रेल्वेचे 365 जोडमार्ग मोजले गेले, आणि त्यांतले 149 बंद होते. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी रूळ आहेत किंवा होते. पण हद्दीवरचा तुकडा हा प्रत्येक देशाच्या रेल्वेच्या नकाशाचा काठ असतो, आणि तोटा दाखवताना कात्री काठावरच चालते. इंटररेगमधून याचा अभ्यास करायला पैसे मिळतात. गाडी चालवायला मिळत नाहीत.

इटली आणि स्लोव्हेनियाच्या हद्दीवरच्या गोरित्सियात तर या विसंगतीचं हसू यावं. 1947च्या तहाने हे शहर इटलीकडे राहिलं, त्याचं एक रेल्वेस्थानक युगोस्लाव्हियाकडे गेलं. पलीकडे युगोस्लाव्हियाने नोव्हा गोरित्सा हे नवं शहरच वसवलं. स्थानकासमोरच्या चौकातून कुंपण गेलं होतं. ते 2004मध्ये, स्लोव्हेनिया महासंघात आला त्या वर्षी निघालं. पुढे दोन्ही शहरांनी, शेजारच्या तिसऱ्या पालिकेला घेऊन, सेर्दान्यासारखीच संयुक्त संस्था काढली. इंटररेगच्या पैशातून नदीकाठचा रस्ता झाला, आणि मानसिक आरोग्य, ऑटिझम, बाळंतपण यांसाठी दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकत्र काम सुरू केलं. हे शेवटचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून ते पुस्तिकेत मागच्या पानावर जातं. आणि मग 2025मध्ये दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, हद्दीच्या आरपार असलेली पहिली. त्याच वेळी, 2023च्या ऑक्टोबरपासून, इटलीने याच हद्दीवर पोलीस तपासणी पुन्हा सुरू केलेली होती. एका हाताने कमान उभारायची आणि दुसऱ्या हाताने तिच्याखाली गाड्या थांबवायच्या. जर्मनीनेही 2024च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या भूसीमांवर हेच केलं. त्याची कारणं काय, ती योग्य की अयोग्य, हा वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा एवढाच की गृहमंत्रालयाचा एक आदेश दहा वर्षांच्या इंटररेगवर पाणी फिरवू शकतो, आणि तो काढताना सीमेवरच्या महापौराला विचारायचं बंधन नसतं.

मग हा निधी बंदच करावा का? नाही, आणि त्याचं कारण डेरी शहरात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये 1994मध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुढच्याच वर्षी महासंघाने तिथल्या आणि लगतच्या आयरिश परगण्यांसाठी 'पीस' नावाचा खास कार्यक्रम सुरू केला. डेरीत फॉइल नदीच्या पश्चिमेला बहुसंख्य कॅथलिक, पूर्वेच्या वॉटरसाइड भागात प्रोटेस्टंट. पूर्वेच्या काठावर एब्रिंग्टनची लष्करी छावणी होती, म्हणजे अर्ध्या शहराला तिकडे जायची इच्छाच नसे. 2011च्या जूनमध्ये या छावणीपासून गिल्डहॉलजवळच्या काठापर्यंत नागमोडी वळणाचा पादचारी पूल उघडला, आणि छावणीच्या जुन्या संचलन मैदानाचा सार्वजनिक चौक झाला. पूल एकटा काही करत नाही. पण त्याच्यामागे तोवर सोळा वर्षं बचत गटांएवढ्या लहान मंडळांपासून युवा क्लबांपर्यंत पैसा मुरत आला होता. एक फेरी संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. ब्रिटन महासंघातून बाहेर पडला तरी हा कार्यक्रम दोघांनी मिळून चालू ठेवला, आणि चालू फेरीत तो एक अब्ज युरोंच्या वर आहे. ब्रेक्झिटच्या सगळ्या कडवटपणात जे थोडं शाबूत राहिलं, त्यात हा आहे. तिथे तीन वर्षांच्या हिशेबाने कुणी विचार केला नाही. माणसं एकमेकांच्या ओळखीची व्हायला पिढी जाते, हे गृहीत धरून पैसा टाकला गेला, आणि त्यामागे दोन्ही सरकारांचा करार उभा होता. निधी आणि कायदा एकाच दिशेला चालले की काय होतं ते तिथे दिसतं.

2028 ते 2034 या पुढच्या अर्थसंकल्पाचा मसुदा आयोगाने 2025च्या जुलैत मांडला. त्यात प्रादेशिक विकास, शेती वगैरेंचे निधी एकत्र करून प्रत्येक देशाचा एकेक राष्ट्रीय आराखडा करायचा घाट आहे. म्हणजे पैशाची चावी आणखी राजधानीकडे. इंटररेगला मात्र दहा अब्जांहून थोडी अधिक रक्कम वेगळी राखली, म्हणून सीमाभागांच्या संघटनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो निःश्वास घाईचा वाटतो. देशोदेशीचे रस्ते, इस्पितळं, रेल्वे राष्ट्रीय आराखड्यातून ठरणार असतील, आणि त्या आराखड्याला हद्दीपलीकडे पाहायची सक्ती नसेल, तर वेगळ्या डब्यातले दहा अब्ज हे दुरुस्तीचं साहित्य होऊन बसतील. आधी हद्दीपाशी तोडून टाकायचं, मग जोडायला अनुदान मागायचं.

वाटाघाटी चालू असताना आग्रह धरायचाच, तर तीन गोष्टींचा धरावा, आणि त्यातली एकही महाग नाही. ज्या देशाने सीमापार समन्वय केंद्र काढलेलं नाही किंवा तिथे आलेल्या फायलींना मुदतीत लेखी उत्तर दिलेलं नाही, त्याला मोठ्या बांधकामांसाठी इंटररेगचा पैसा देऊ नये. छोट्या प्रकल्पांचा पैसा त्यातून वगळावा, मंत्रालयाच्या आळसाची शिक्षा शाळांना कशाला? दुसरं, निधीचा काही भाग चालवण्याच्या खर्चाला मोकळा करावा: बसच्या फेऱ्या, दुभाष्याचा पगार, संयुक्त संस्थेचं कार्यालय. यावर हमखास आक्षेप येतो की कायमचं अनुदान म्हणजे कायमचं अवलंबित्व. सेर्दान्यातला साठ-चाळीसचा करार हेच त्याचं उत्तर आहे. महासंघाने सुरुवातीची काही वर्षं भार उचलावा आणि नंतर कोण किती देणार ते आधीच सहीनिशी ठरलेलं असावं. सही नसेल तर पहिला हप्ताही नाही. तिसरं, राष्ट्रीय आराखडा मंजूर होण्याआधी तो शेजारच्या देशाच्या सीमाभागातल्या प्रशासनाकडे मतासाठी जावा. ते मत बंधनकारक नसलं तरी छापलं जावं, म्हणजे हद्दीवरचा कुठला मार्ग कुणी कापला ते पुढच्या निवडणुकीत नावानिशी विचारता येईल.